मुलाच्या मापाचा माउथगार्ड: साच्यापासून मैदानापर्यंत

सामना चालू असताना एकदा मुलांच्या तोंडाकडे नीट बघा. एकाने माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर घालायचं रबरासारखं कवच, मोज्यात खोचलेला असतो. दुसरा तो अर्धवट बाहेर काढून दाढेखाली चघळत असतो. तिसऱ्याचा किटबॅगमध्ये ओल्या टॉवेलखाली पडलेला असतो. तिघांच्याही घरच्यांनी गार्ड आणून दिलेला आहे आणि तिघांचेही पुढचे दात उघडे आहेत.

दात तुटलेलं मूल माझ्यासमोर खुर्चीत बसतं तेव्हा मी विचारते, "गार्ड होता का?" पुष्कळदा उत्तर येतं, "होता, पण..." त्या 'पण'नंतर जे येतं ते जवळपास ठरलेलं असतं. बोलता येत नव्हतं, श्वास कोंडत होता, सारखा खाली पडत होता, उमासे येत होते. आईवडील लगेच मुलावर डाफरतात. मला मात्र त्यात मुलाचा दोष फारसा दिसत नाही. या सगळ्या तक्रारी मापाच्या आहेत. नीट बसणारा गार्ड मूल दहा मिनिटांत विसरून जातं, न बसणारा पहिल्या संधीला थुंकून टाकतं. त्यामुळे या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ मापावर घालवणार आहे.

कुणाला लागतो

बॉक्सिंग, तायक्वांदो, कराटे, रग्बी, हॉकी यांना माउथगार्ड लागतो हे कुणाला सांगावं लागत नाही. घोळ होतो तो 'हा काही मारामारीचा खेळ नाही' असं वाटणाऱ्या खेळांत. बास्केटबॉल घ्या. ना हेल्मेट, ना जाळी, आणि रिबाउंडसाठी चार जण एकदम उडी मारतात तेव्हा एकाचं कोपर दुसऱ्याच्या ओठांच्या बरोबर उंचीवर असतं. फुटबॉलमध्ये डोक्याला डोकं आपटतं. हँडबॉल, कुस्ती, ज्युदो, स्केटिंग, स्केटबोर्ड, डोंगरातली सायकल आणि जिम्नॅस्टिक्सही याच यादीत येतात. पडलं की तोंडावर पडण्याची शक्यता आणि समोरच्याचा हात, पाय, डोकं किंवा काठी तोंडाजवळ येण्याची शक्यता, या दोन्हींतली एक जरी असली तरी गार्ड लागतो.

त्यातही काही मुलांना जरा जास्तच. आपल्या मुलाला दाढा मिटायला सांगा आणि बाजूने बघा. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांपेक्षा किती पुढे आहेत? हे अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुढच्या दातांना मार बसण्याचा धोका साधारण दुप्पट धरला जातो. ओठ सहज मिटत नसतील आणि बोलता बोलता वरचे दात सतत दिसत असतील तर आणखी सावध राहा, कारण ओठ ही दातांची पहिली गादी असते आणि या मुलांकडे तीच नसते. पुढच्या दातावर आधीच मोठं फिलिंग, कॅप किंवा रूट कॅनाल झालेलं असेल तर मी खेळ कोणता ते विचारतही नाही, सरळ गार्ड करायला सांगते.

गार्ड करतो तरी काय? वरच्या पटाशीच्या दोन दातांवर एका बिंदूत येणारा मार तो अनेक दातांवर आणि हिरड्यांवर पसरवतो. त्यातला काही भाग त्याचं रबरासारखं मटेरियल स्वतः पिऊन टाकतं. हनुवटीवर खालून ठोसा बसला तर खालचे दात वरच्यांवर आपटत नाहीत, गादीवर येतात, आणि जबड्याच्या सांध्याकडे जाणारा धक्काही सौम्य होतो. ओठ आणि गालाचा आतला भाग दातांवर चिरडून फाटत नाही, हा फायदा लोक विसरतात. तारा लावलेल्या मुलाचा फाटलेला ओठ ज्याने शिवला आहे तो विसरत नाही.

मेंदूला बसणाऱ्या मारापासून मात्र माउथगार्ड वाचवेल असं धरून चालू नका. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलेलं वाटलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गार्ड तोंडात होता म्हणून कुणी त्याला परत मैदानात पाठवू नये.

तीन प्रकार, आणि माझा कल

पहिला तयार गार्ड. पाकिटातून काढा आणि घाला. कुणाच्याच तोंडाचा नसल्यामुळे कुणालाच बसत नाही, आणि जागेवर ठेवायला दात घट्ट मिटून धरावे लागतात. धावताना तोंड उघडलं की तो खाली येतो. हा घेऊ नका, एवढंच.

दुसरा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा. मूल आयत्या वेळी संघात आलं असेल आणि परवा सामना असेल तर हा चालेल. त्यातली चूक नेहमी एकाच जागी होते. मूल मऊ गार्डवर जोरात चावतं, मग चावण्याच्या जागचं मटेरियल दोन्ही बाजूंना सरकतं आणि नेमक्या जिथे गादी हवी तिथेच कागदासारखा पातळ पापुद्रा उरतो. त्यामुळे 'चाव' असं सांगूच नका. दात हलकेच टेकव, बाहेरून बोटांनी ओठ आणि गाल दाब, आतून जिभेने टाळूकडे दाब आणि थुंकी गिळ, असं सांगा. मग थंड पाण्यात घाला. तो नीट झालाय का हे पुढे दिलेल्या चाचण्यांनीच ठरवा.

तिसरा, दातांचं माप घेऊन बनवलेला. बाकीचा लेख त्याच्याबद्दल आहे.

या वस्तूचा उगम बॉक्सिंगचा. लंडनचा दंतवैद्य वुल्फ क्राउझ १८९० मध्ये गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या पट्ट्या बॉक्सरांच्या दातांवर बसवत असे. पुढे त्याच्या मुलाने, फिलिपने, पुन्हा पुन्हा वापरता येईल असा रबरी गार्ड केला. अमेरिकेत शालेय 'अमेरिकन फुटबॉल'मध्ये (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) १९६२ साली तो सक्तीचा झाला, कॉलेजच्या पातळीवर १९७३ साली. आज एलिट रग्बीत गार्डमध्ये सेन्सर बसवून डोक्याला बसणारा हिसका मोजतात. मुलांसाठी सेन्सरच्या मागे लागण्याची गरज नाही. गार्ड तोंडात आहे की नाही हे कळायला प्रशिक्षकाचे डोळे पुरतात.

अपॉइंटमेंटच्या आधी

स्पर्धांचा मोसम सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी जा. गार्ड बनायला फार वेळ लागत नाही, पण दातांची तपासणी, मध्येच निघालेली कीड, फिटिंगची दुसरी फेरी आणि मुलाला सवय होणं यात दिवस जातात.

कीड असेल तर आधी ती भरून घ्यायची आणि मगच माप द्यायचं. उलटं केलंत तर फिलिंगनंतर दाताचा आकार बदलतो आणि नवाकोरा गार्ड त्या जागी टेकतो किंवा डुगडुगतो. दात साफ करून घ्यायचे असतील तर तेही आधीच. दातांना तारा लावायचं ठरत असेल तर तारा लावणाऱ्या डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा. आज माप दिलं आणि पंधरा दिवसांनी दातांवर ब्रॅकेट चिकटवले की तो गार्ड कचऱ्यात.

जाताना एक चिठ्ठी न्या: खेळ कोणता, आठवड्यात सराव किती, हेल्मेट आहे का, तोंडाने श्वास घेण्याची सवय आहे का, कोणता दात हलतोय, पूर्वी कोणत्या दाताला मार लागला होता. जुना गार्ड असेल तर तोही न्या, कसाही असला तरी. चघळून चघळून चपटा झालेला गार्ड पाहिला की मूल दात कुठे दाबतं ते मला लगेच दिसतं.

माप देताना

दोन पद्धती आहेत. जुनी म्हणजे अल्जिनेटची. पावडर आणि पाणी कालवून केलेली मऊ पेस्ट ट्रेमध्ये भरून दातांवर दाबतात, दोन-तीन मिनिटांत ती रबरासारखी घट्ट होते. त्यात प्लास्टर ओतलं की दातांचा हुबेहूब साचा मिळतो. नवी पद्धत म्हणजे तोंडात छोटा कॅमेरा फिरवून केलेलं स्कॅन. ज्या मुलांना उमासे येतात त्यांच्यासाठी स्कॅन फार सोयीचं, पण अल्जिनेट नीट घेतलं तर त्यानेही उत्तम गार्ड होतो. मशीन नाही म्हणून डॉक्टर बदलायचं कारण नाही.

उमाशांवर साधे उपाय आहेत. मुलाला सरळ बसवा, मान मागे टाकू नका, उलट किंचित पुढे झुकवा. नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावा. एक पाय उचलून धरायचा आणि पायाची बोटं हलवत राहायची असं सांगितलं की लक्ष तिकडे जातं. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण होतं. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी माप देऊच नका, पुढची तारीख घ्या. आणि भरल्या पोटी नेऊ नका.

गार्ड साधारणपणे वरच्या जबड्यावर बसतो, पण माप खालच्याही दातांचं घ्यायला सांगा. त्याबरोबर दोन्ही जबडे किंचित उघडे असताना ते एकमेकांसमोर कसे येतात याचीही नोंद हवी. खालचे दात गार्डवर सगळीकडे सारखे टेकायला हवेत आणि ते फक्त वरच्या साच्यावरून कळत नाही. ज्या मुलांचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे असतो, त्यांच्यासाठी गार्ड खालच्या दातांवर करतात.

काय मागायचं

इथे पालक बहुधा गप्प बसतात आणि फक्त रंग निवडतात. रंग मुलाला निवडू द्या, त्याने गार्ड आपला वाटतो. (बॉक्सिंगमध्ये लाल गार्डला मनाई असते, कारण त्यावर रक्त आलेलं दिसत नाही. बाकी खेळांत भडक रंगच बरा, गवतात पडला तर सापडतो आणि तोंडात आहे की नाही हे लांबून दिसतं.) रंग ठरला की पुढची चौकशी करा.

मटेरियल बहुतेक ठिकाणी ईव्हीए, म्हणजे एथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट असतं. त्याची शीट तापवून साच्यावर ओढतात, एकतर खालून हवा खेचून किंवा वरून दाब देऊन. गोम अशी की ओढताना शीट पातळ होते. ४ मिमीची शीट घेतली म्हणजे दातांवर ४ मिमी जाडी मिळाली असं नसतं. ती पाव हिश्शाने, कधी कधी निम्म्याने कमी भरते, आणि सगळ्यात पातळ होते ती पटाशीच्या दातांच्या कडांवर, जिथे मार बसतो. म्हणून 'किती जाडीची शीट' असं न विचारता 'तयार झाल्यावर पुढच्या दातांवर किती जाडी उरेल' असं विचारा. ओठाच्या बाजूला सुमारे ३ मिमी, टाळूच्या बाजूला २ मिमी आणि चावण्याच्या जागी २ ते ३ मिमी हे बऱ्यापैकी मान्य असलेलं प्रमाण आहे. बॉक्सिंग किंवा हॉकीसारख्या खेळाला दोन शीट एकमेकांवर दाबून केलेला गार्ड मागा. दाब देऊन केलेल्या थरांच्या गार्डमध्ये जाडी आपल्या हातात राहते आणि आकारही जास्त दिवस टिकतो.

जाड तितका चांगला, असंही नाही. साधारण ४ मिमीच्या पुढे संरक्षणात फारशी भर पडत नाही. बोलणं आणि श्वास मात्र अवघड होतो, आणि आपण फिरून मोज्यात खोचलेल्या गार्डपाशी येतो.

लांबी मागच्या दाढांपर्यंत हवी, निदान पहिल्या पक्क्या दाढेपर्यंत तरी. मागे कापून आखूड केलेला गार्ड सैल होतो आणि तुकडा घशात जाण्याची भीती राहते. खेळात हेल्मेटला जाळी असेल तर गार्ड त्या जाळीला अडकवणारा पट्टा लावता येतो. आतल्या बाजूला नाव घालून घ्या, संघातल्या पंधरा निळ्या गार्डांत आपला ओळखू येतो.

दात अजून येत असताना

मोठ्या माणसाचा गार्ड आणि नऊ वर्षांच्या मुलाचा गार्ड यांत खरा फरक आकाराचा नसतो. मोठ्याचे दात जागेवर थांबलेले असतात. मुलाचे दर महिन्याला सरकत असतात.

साधारण सहाव्या वर्षी पहिल्या पक्क्या दाढा आणि खालचे पटाशीचे दात येतात. वरचे मधले दोन सातव्या-आठव्या वर्षी, वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी आणि दुसऱ्या दाढा बाराव्या वर्षाच्या आगेमागे. या सगळ्या काळात तोंडात कुठे दुधाचा दात हलत असतो, कुठे रिकामी जागा असते, कुठे नवा दात हिरडीतून जेमतेम टोक काढून असतो. जशाच्या तशा साच्यावर घट्ट गार्ड ओढला तर दोन गोष्टी होतात. एक, महिन्याभरात तो बसेनासा होतो. दोन, बळजबरीने बसवलाच तर येऊ घातलेल्या दाताला अडवतो.

उपाय साधा आहे, फक्त तो आधी सांगावा लागतो. गार्ड करण्यापूर्वी साच्यावर, ज्या जागी दात येणार किंवा सरकणार आहे तिथे मेण किंवा प्लास्टरचा थर देऊन जागा फुगवून घेतात. गार्ड त्या ठिकाणी दाताला न चिकटता थोडा सैल राहतो आणि दाताला खाली यायला वाट मिळते. पकड मग बाकीच्या पक्क्या दातांवरून, विशेषतः पहिल्या दाढांवरून घ्यायची. माप घेताना डॉक्टरांना विचारा, "येत्या सहा महिन्यांत कोणते दात येतील?" एक्स-रे काढलेला असला तर उत्तर लगेच मिळतं. हलणारा दुधाचा दात दोन-तीन आठवड्यांत पडणारच असेल आणि मोसम दूर असेल, तर तो पडू द्या आणि मग माप द्या.

या वयात गार्डचं महत्त्व आणखी एका कारणाने जास्त. वरचा पटाशीचा दात हिरडीबाहेर दिसायला लागतो तेव्हा त्याचं मूळ अपुरं असतं. ते पूर्ण व्हायला पुढे जवळपास तीन वर्षं लागतात. त्या काळात मार बसून दाताची नस मेली तर मुळाची वाढ तिथेच थांबते. भिंती पातळ राहतात, टोक उघडं राहतं, आणि तो दात पुढे किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो. दहा वर्षांच्या मुलाला कायमचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दातही बसवता येत नाही, जबड्याची वाढ थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे आठ-दहा वर्षं तात्पुरत्या दातावर काढायची.

तारा लावलेल्या मुलांसाठीही हीच युक्ती. ब्रॅकेट आणि तारांवर मेण लावूनच माप घेतात, साच्यावर पुन्हा जागा सोडतात, आणि दर काही आठवड्यांनी दात सरकले की गार्ड तपासतात. गरम पाण्यात मऊ करून चावायचा साधा गार्ड तारांवर कधीच घालू नका. तो तारांमध्ये शिरून घट्ट होतो आणि काढताना ब्रॅकेट घेऊन येतो. काढता येणारी प्लेट किंवा रिटेनर खेळताना तोंडात ठेवायचा नाही. आणि दात सरळ करायला घालतात तो पारदर्शक अलायनर म्हणजे माउथगार्ड हा गैरसमज मोठ्या खेळाडूंतही आहे. तो पातळ, कडक प्लास्टिकचा असतो, मार बसला तर तडकतो.

फिटिंगचा दिवस

या दिवशी घाई करू नका. गार्ड आणायला शेजाऱ्याला किंवा मोठ्या भावाला पाठवू नका, मुलाला घेऊन जा.

गार्ड घातल्यावर हात न लावता तोंड मोठं उघडायचं. गार्ड वर राहिला पाहिजे. डोकं दोन्ही बाजूंना हलवायचं, खोकायचं, तरीही राहिला पाहिजे. काढायला बोटांनी थोडा जोर लागावा, पण खेचाखेच नको.

मग ओठ. वरचा ओठ बोटांनी धरून पुढे आणि खाली ओढा. ओठाच्या आत मधोमध, ओठाला हिरडीशी जोडणारी एक बारीक मांसल दोरी असते. गार्डच्या वरच्या कडेला नेमकी तिथे इंग्रजी व्ही आकाराची खाच हवी. ती उथळ असली तर कड त्या दोरीवर घासते आणि दोन सरावांत तिथे छाला येतो. माझ्याकडे एक गोलरक्षक मुलगी गार्ड 'टोचतो' म्हणून परत आली होती. तीन ठिकाणी दाखवलेला गार्ड, सगळ्यांनी दात तपासले होते. ओठ उचलला तर दोरीवर मुगाच्या डाळीएवढा पांढरा व्रण. खाच दीड मिलिमीटर खोल केली, कडा ज्योतीवर किंचित शेकून गुळगुळीत केल्या, काम दोन मिनिटांचं. त्याआधी महिनाभर ती गार्ड हातात धरून खेळत होती. बाहेरची कड ओठ-हिरडीच्या वळणापासून सुमारे २ मिमी अलीकडे थांबायला हवी, तिथपर्यंत भिडली की टोचणारच.

चावून बघायला रंगीत कागद लावतात. खालच्या दातांच्या खुणा डावी-उजवीकडे सारख्या उमटल्या पाहिजेत. एकाच बाजूला टेकत असेल तर हनुवटीवर मार बसल्यावर सगळा भार त्याच बाजूच्या सांध्यावर जातो. ही पायरी वगळली जाते असं मला दिसतं. तुम्ही स्वतः विचारा.

नंतर बोलणं. मुलाला एक ते वीस अंक मोठ्याने म्हणायला लावा, मग संघातल्या मित्रांना हाका मारायला. 'स' आणि 'श' थोडे जाड वाटतील, ते आठवड्यात सुटतं. टाळूकडची कड जाड राहिली असेल तर जीभ अडते आणि उमासे येतात. ती कड तासून तिरकी, पातळ करता येते. शेवटी जागेवर मिनिटभर पळायला लावा आणि मग घोटभर पाणी प्यायला द्या. दवाखान्यात मूल उड्या मारतंय हे बघून लोक हसतील. हसू द्या.

हे सगळं होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेलेली असतात. आता गार्ड काढा आणि हिरड्या बघा. जिथे लाल किंवा पांढरट पट्टा उठलाय तिथे दाब जास्त आहे, तेवढंच तासायचं.

पहिले पंधरा दिवस

नवा गार्ड थेट सामन्यात घालू नका. पहिले तीन-चार दिवस घरी, अभ्यास करताना किंवा टीव्ही बघताना दहा-पंधरा मिनिटं. लाळ जास्त सुटेल. हा पदार्थ खायचा नाही हे तोंडाला कळलं की ती आपोआप कमी होते. मग हलका सराव, मग पूर्ण सराव. दुखापती सरावातही होतात, आणि सरावाचे तास सामन्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, तेव्हा 'फक्त मॅचला घालतो' हे मान्य करू नका.

प्रशिक्षकाशी एकदा बोला. तोंडात गार्ड नसेल तर मैदानात उतरायचं नाही, हा नियम प्रशिक्षकाने केला तर घरचे वाद संपतात. मी दहा वेळा समजावून जे होत नाही ते त्याच्या एका शिट्टीने होतं.

चघळण्याची सवय मात्र मोडावी लागते. दाढांवर चावून चावून गार्ड तिथे चपटा होतो आणि पुढून सुटतो. खेळ थांबला की गार्ड डबीत, हातात किंवा मोज्यात नाही, एवढी एकच सवय लावा. आणि गार्ड घातलेला असताना सरबत, गोड एनर्जी ड्रिंक पिऊ देऊ नका. गोड-आंबट द्रव गार्डखाली अडकून राहतो, लाळ तिथे पोचत नाही, आणि दातांवर आम्ल बसून राहतं. मारापासून वाचवलेले दात किडीला का द्यायचे? साधं पाणी.

धुणं आणि ठेवणं

वापरून झाला की लगेच गार पाण्याखाली धरायचा, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासायचा, नीट खंगाळायचा. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या खरखरीत कणांनी ओरखडे पडतात आणि जंतू तिथे घर करतात. गरम पाणी तर बिलकूल नको, ईव्हीए मऊ होऊन आकार सोडतं. उन्हात तापलेल्या गाडीत विसरलेल्या गार्डचंही तेच होतं.

पूर्ण कोरडा करून, भोकं असलेल्या कडक डबीत ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओला ठेवलेला गार्ड दुसऱ्या दिवशी हुंगून बघा, मग मला काही सांगावं लागणार नाही. डबीही आठवड्याला धुवा. दुसऱ्याचा गार्ड कुणी घालायचा नाही, 'फक्त एका हाफपुरता' म्हणूनही नाही. तोंड आलेलं असताना किंवा हिरडीला जखम असताना गार्ड दाखवून घ्या, कारण फाटक्या कडेचा गार्ड जखम भरू देत नाही.

कधी बदलायचा

वाढत्या मुलाचा गार्ड एक मोसम चालला तर छान. दोन चालला तर संशय घ्या. दुधाचे दात पडत असताना दर तीन-चार महिन्यांनी तो घालून बघा, आणि दातांच्या प्रत्येक तपासणीला बरोबर न्या. बसवताना दुखत असेल, तोंड उघडल्यावर खाली येत असेल, कुठे भेग किंवा भोक असेल, चावण्याच्या जागी प्रकाश आरपार दिसेल इतका पातळ झाला असेल, तर त्याचे दिवस भरले. किरकोळ वाढीसाठी कधी कधी आतून तासून भागतं, पण घरी कात्रीने कापत बसू नका. कापलेली कड सुरीसारखी होते.

एवढं करूनही दात निखळला तर

गार्ड धोका कमी करतो, शून्य करत नाही. म्हणून हे पाठ करून ठेवा आणि संघाच्या प्रथमोपचार पेटीवर चिकटवा.

पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो शोधा आणि वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावायचा नाही, कारण त्यावर चिकटलेल्या पेशींच्या जोरावरच दात परत धरतो. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा मुलाच्याच थुंकीत हलकेच बुडवून काढा. घासू नका, पुसू नका, रुमालात गुंडाळू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथल्या तिथे, सरळ बाजू पुढे करून, खोबणीत बसवा आणि स्वच्छ रुमालावर हलकं चावायला सांगा. हे करायची हिंमत होत नसेल तर दात थंड दुधात टाका आणि निघा. साध्या पाण्यात ठेवू नका, त्यात त्या पेशी फुगून मरतात. दूध नसेल तर कपात मुलाची थुंकी जमवून त्यात ठेवा. दात तासभर कोरडा राहिला तर त्या पेशी संपल्या असं समजतात, आणि पहिल्या काही मिनिटांत परत बसवलेल्या दाताची गोष्टच वेगळी असते.

दुधाचा दात निखळला तर तो परत बसवायचा नाही. खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. दात दुधाचा की पक्का हे ऐन वेळी आठवत नाही, म्हणून सहा ते बारा वयाच्या मुलांच्या पालकांनी मोसमाच्या सुरुवातीला पुढच्या दातांचा एक स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवावा. शंका असेल तर दात दुधात घालून डॉक्टरांकडे पोचा, ठरवायचं काम त्यांचं.

दात तुटला असेल तर तुकडाही दुधात किंवा पाण्यात आणा, बरेचदा तोच परत चिकटवता येतो. दात आत घुसला, बाजूला सरकला किंवा हलायला लागला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख माहीत असू द्या.

दाताला आधाराची तार लावली की जुना गार्ड बसणार नाही आणि तो कोंबूही नये. पुन्हा कधी खेळायचं ते एक्स-रे बघून ठरतं. येताना तो गार्ड मात्र डबीत घालून आणा, फाटला असला तरी. कुठे दबलाय, कुठे फाटलाय ते बघून मार कुठल्या दातांवर आला याचा अंदाज येतो, आणि पुढचा गार्ड कुठे जाड करायचा तेही त्यावरच खूण करून लॅबला सांगता येतं.